गोऱ्ह्याचा पोळा

“लेका, त्यानं अजून गवताची काडी मोडली नाही. खांदा कशानं दुखायला लागलाय त्याचा?” मी म्हणालो.

भोयरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वासरांच्या शेडमध्ये लाकडाच्या भुशावर तो फतकल मारून बसला होता. मांडीवर गोऱ्ह्याची मान घेतलेली आणि शेजारी वाटीत हळद घातलेलं कोमट तूप. दोन बोटं तुपात बुडवायची, गोऱ्ह्याच्या खांद्याला हळूहळू चोळायची, पुन्हा बुडवायची. गोऱ्हा चार दिवसांचा होता. काळा-पांढरा, पाय नुसते लांबच लांब, आणि नाळेचा सुकलेला तुकडा अजून पोटाला लोंबत होता. भोयरच्या रबरी बुटाची कड आचळ समजून तो मन लावून चोखत होता.

“खांदमळणी हाय,” भोयर म्हणाला. “उद्या पोया. आज खांदे मळून आवतन द्या लागते. तुमच्या कोल्हापुरात नाई काय हे?”

“आमचा बेंदूर आषाढातच उरकतो. तुमच्यासारखं श्रावण संपायची वाट बघत बसत नाही आम्ही.”

“मंग चूप बस ना बे.”

पलीकडच्या कप्प्यात वासरांना दूध पाजणारी उज्ज्वलाताई हसली. भोयरनं गोऱ्ह्याच्या कानाला तोंड लावलं आणि अगदी पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाला, “आज आवतन घे राजा, उद्या जेवाले ये.”

मला तेव्हा हसू आलं होतं, ते आठवलं की आजही लाज वाटते.

न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, ॲलन नावाच्या शेतकऱ्याच्या डेअरीवर आम्ही तिघं कामाला होतो. त्याला आता आठ वर्षं झाली. मी चौगुले, कागलजवळचा. मोरेश्वर भोयर वर्धा जिल्ह्यातला, हिंगणघाटच्या बाजूचा. आणि उज्ज्वला पगार कळवणची. तिचा नवरा शहरात गॅरेजमध्ये होता आणि सुट्टीला यायचा. एकाच डेअरीवर तीन मराठी माणसं कशी जमली याचं ॲलनलाही नवल वाटायचं. आम्ही एकमेकांची भाषा ऐकून एकमेकांना हसायचो, आणि त्या हसण्यावरच तिथली थंडी काढायचो.

आपल्याकडे पोळा येतो तेव्हा तिकडे गाई विण्याचा हंगाम असतो. दिवस-रात्र वासरं जन्माला येत असतात. कालवड झाली की तिच्या कानात बिल्ला मारायचा आणि तिला ठेवायचं. गोऱ्हा झाला की त्याला चार दिवस दूध पाजायचं, मग त्याच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचा आणि रस्त्याकडेच्या खोपटात नेऊन उभा करायचा. रोज एक गाडी यायची आणि लाल पट्ट्याची वासरं चढवून घेऊन जायची. दुधाच्या धंद्यात गोऱ्ह्याचा काही उपयोग नसतो, आणि गाडी कुठे जाते हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तिघं आपापसात ‘गाडीला गेला’ एवढंच म्हणायचो. त्याच्या पुढचा शब्द आमच्यापैकी कुणी मराठीत कधी उच्चारला नाही.

या गोऱ्ह्याला मात्र भोयरनं सोडवून घेतलं होतं.

त्याचं कारण होतं त्याचा बा. भोयरांच्या घरी बैलजोडी नाही असा तो पहिला पोळा होता. मोरेश्वर इकडे आला, आई आधीच गेलेली, बहीण लग्न होऊन गावातच पण दुसऱ्या घरी. म्हाताऱ्याचे गुडघे गेले. जोडीचं करणार कोण? उन्हाळ्यात बानं जोडी काढून टाकली आणि नंतर फोनवर सांगितलं. त्या दिवशी भोयर गाई दोहताना नुसता यंत्राच्या नळ्या लावत राहिला, आणि जेवायला आला नाही.

मग श्रावण लागला तेव्हा बहिणीचा फोन आला. बा म्हणतो, वेशीपाशी सगळे बैल उभे राहतात त्या तोरणाखाली यंदा जायचं नाही. ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं पोळ्यात कशाला मिरवायचं, घरीच बसून राहीन. तोरणाखालून बैल सुटून गावचा पोळा फुटताना ज्या माणसाची जोडी वर्षानुवर्षं पुढे असायची, तो दार लावून बसणार होता.

“मी बाले सांगतलं,” भोयर आम्हाला म्हणाला. “म्हटलं, बा, यंदा आपला बैल अथी उभा राहीन. फोनवर दाखवतो तुले. तू नुसता पाय. बा हासला रे. किती दिसानं हासला.”

आता शब्द तर दिला, पण बैल आणायचा कुठून? डेअरीवर दोन दांडगे वळू होते, पण त्यांच्याजवळ जायची खुद्द ॲलनची टाप नव्हती. तेव्हा भोयरनं हा गोऱ्हा निवडला आणि टोपी हातात घेऊन ॲलनकडे गेला. इंग्रजीला आधार म्हणून मला बरोबर नेलं.

“एक ठेवलास की उद्या दुसरा ठेवशील,” ॲलन म्हणाला. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस. कामाला कडक होता, पण मनानं वाईट नव्हता.

“नाही. एकच,” भोयर म्हणाला.

“पण कशासाठी?”

पोळा म्हणजे काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर भोयरच मध्ये बोलला. “उद्या आमच्याकडे सगळ्या बैलांचा वाढदिवस असतो.”

ॲलन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, “ठीक आहे. मोठा झाला की मागच्या कुरणात राहील. पण त्याचं सगळं तू बघायचंस. त्याच्या पाठीला कुणी रंग लावणार नाही, मी सांगून ठेवतो.”

परत येताना भोयर वाटेतच थांबला, खाली बसला आणि उगाचच बुटाचा चिखल काढत राहिला.

पोळ्याच्या दिवशी सकाळची धार काढून झाली तेव्हा दक्षिणेचा वारा नुसता कापत होता. भोयरनं गरम पाण्याची बादली आणली. उज्ज्वलाताईनं ती त्याच्या हातातून काढूनच घेतली.

“भोयर भाऊ, अंघोळ घालायची नाही हां. या वाऱ्यात ओला केला तर संध्याकाळपर्यंत छातीत कफ धरेल त्याच्या. कापड पिळून पुसून घ्या, तेवढं पुरे.”

“पोयाले बैल धुवा लागते, ताई.”

“बैल धुवा लागते. हे लेकरू आहे.”

मग पुसूनच घेतलं. उज्ज्वलाताईनं लोकरीचे गोंडे केले होते. मी चॉकलेटच्या सोनेरी कागदाचं बाशिंग केलं होतं. शिंगं नव्हती, म्हणून ते दोरीनं कानांमागे बांधावं लागलं आणि सारखं एका डोळ्यावर यायचं. झूल म्हणून भोयरनं आपला नवा टॉवेल काढला, पण तो पाठीवर टाकायच्या आधी त्याला आणखी काही करायचं होतं. त्यानं कुंकू तेलात कालवलं, चहाचा कप उपडा करून त्यात बुडवला आणि गोऱ्ह्याच्या पाठीवर एकेक ठसा उठवायला लागला.

“बाच्या हातचे असेच राहे,” तो म्हणाला. “वाटीनं मारे बा. एक ठसा वाकडा पडू देत नव्हता.”

मानेपासून शेपटीपर्यंत लालबुंद वर्तुळं उठली. पांढऱ्या कातडीवर ती अशी खुलून दिसली, की टॉवेलाखाली झाकायला भोयरचं मन होईना. त्यानं टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. आम्ही तिघांनीही म्हटलं, असाच छान दिसतोय. कुंकू ते कुंकूच की. आमच्यापैकी एकालाही त्यात दुसरं काही दिसलं नाही.

फोनला रेंज यायची ती फक्त रस्त्याकडच्या फाटकापाशी. तिथली दुपार म्हणजे आपल्याकडची पहाट, त्यामुळे बा उठून चहा घेऊन बसणार आणि आम्ही फोन लावणार असं ठरलं होतं. आम्ही फाटकाच्या दोन खांबांना निलगिरीच्या पाल्याचं तोरण बांधलं आणि त्याखाली गोऱ्ह्याला मऊ दोरीनं बांधलं. शेजारच्या खोपटात त्या दिवशीची वासरं उभी होती. गाडीला उशीर झाला होता. भोयरनं गोऱ्ह्याचं तोंड मुद्दाम दुसरीकडे वळवलं.

“त्यानं तिकडं कायले पाहाव,” तो म्हणाला.

मग तो खोलीवर जाऊन कपडे बदलून आला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि खाली थंडीच्या दोन विजारींवर नेसलेलं धोतर. मी म्हणालो, “लग्नाला उभा राहायलास का पोळ्याला?” तो एवढा खुशीत होता, की त्यानं टोपी आणखी तिरकी केली. उज्ज्वलाताई पुरणपोळी गरम करायला गेली. पाच दिवसांच्या गोऱ्ह्याला ती खाता येणार नव्हतीच, पण ओठाला पुरण लावायचं असं तिचं ठरलं होतं.

तेवढ्यात ॲलनची हाक आली. तो कुरणातून दोन्ही हात हलवत होता. एक गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आलेला आणि गाय आडवी पडलेली.

अशा वेळी कुणी विचार करत बसत नाही. भोयरनं धोतर खोचलं आणि पळाला, मागोमाग मी. उज्ज्वलाताईही पोळी तव्यावरून उतरवून आली. भोयर चिखलात पोटावर झोपला, खांद्यापर्यंत हात आत घालून त्यानं दुसरा पाय सरळ केला, आणि मग आम्ही सगळ्यांनी कळ आली की दोर ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा असं चालवलं. बऱ्याच वेळानं वासरू बाहेर आलं. भोयरनं त्याच्या नाकातला चिकटा काढला, छाती चोळली. ते शिंकलं.

“कालवड!” ॲलन ओरडला. “शाब्बास! बैलांच्या वाढदिवसाला कालवड!”

भोयरचा पांढरा सदरा रक्तानं आणि चिखलानं माखला होता. “चाल,” तो मला म्हणाला, “बा वाट पाहत असन. असाच जातो. बाले उलट बरं वाटन, पोट्टं काम करते म्हणून.”

फाटकापाशी तोरण वाऱ्यावर हलत होतं. खोपटाचं दार उघडं होतं आणि आत एकही वासरू नव्हतं. गोऱ्ह्याची दोरी कुणीतरी नीट गुंडाळून खांबाला अडकवून ठेवली होती.

भोयरनं आधी फाटकाबाहेर पाहिलं, मग खोपटात पाहिलं. “सुटला असन,” तो म्हणाला. “आईपाशी गेला असन.”

सुटलेला गोऱ्हा दोरी गुंडाळून ठेवत नाही, हे मला कळत होतं. त्यालाही कळत असणार.

उज्ज्वलाताई मागून आली, पुरणपोळीचं ताट हातात. तिनं उघडं खोपट पाहिलं, दोरी पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. “अगं आई,” ती म्हणाली. “ठसे. लाल ठसे मारले आपण त्याच्या पाठीवर.”

भोयर ॲलनच्या नावानं ओरडत सुटला.

ॲलननं आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. “उत्तरेच्या रस्त्याला लागा,” तो म्हणाला. “वाटेत अजून दोन डेअऱ्या आहेत, तिथं थांबेल वासरांची गाडी. मी फोन करतो.” आम्ही निघालो तेव्हा आरशात दिसलं, उज्ज्वलाताई ताट घेऊन तशीच तोरणाखाली उभी होती.

मी जन्मात तशी गाडी हाणली नसेल. भोयर शेजारी पुढे वाकून बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. “मीच मारले ना ठसे. मीच मारले.” मी म्हणालो, “भेटेल की रं, भेटेल.”

दुसऱ्या डेअरीच्या तोंडाशी गाडी उभी दिसली. गाडीवाली एक पोक्त बाई होती, त्या रस्त्याला नवीनच आलेली. वासरं चढवून दार लावत होती. मी धावत जाऊन सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं तोंडावर हात ठेवला.

“पाठीवर लाल होतं,” ती म्हणाली. “फाटकाला बांधलेला होता. मला वाटलं, शेवटचा एक बाहेर काढून ठेवलाय माझ्यासाठी. डोक्याला ते सोनेरी होतं, वाटलं घरातल्या मुलांनी बांधलं असेल. म्हणून काढलं नाही मी ते.”

“मंग उतरव ना त्याले,” भोयर मराठीतच म्हणाला.

तिला शब्द कळले नसतील, पण मागणं कळलं. तिनं नकारार्थी मान हलवली. वेगवेगळ्या डेअऱ्यांची वासरं एकदा गाडीत मिसळली, की त्यातलं एकही परत उतरवायचं नाही. रोगराई पसरू नये म्हणून तसा नियमच होता. मी हातापाया पडलो. तिनं आमच्यासमोर वरच्या माणसाला फोन लावला, आपली चूक झाली म्हणून सांगितलं, दोनदा विनवलं. आधी ॲलनचाही फोन त्याला येऊन गेला होता. तो माणूस नाहीच म्हणाला. फोन ठेवताना बाईचे डोळे भरून आले होते.

भोयर गाडीच्या बाजूनं चालत गेला. फळ्यांच्या फटीतून वासरांची नाकं दिसत होती. तिसऱ्या कप्प्यात आमचा गोऱ्हा होता. बाशिंग एका डोळ्यावर आलेलं आणि पाठीवर ती लाल वर्तुळं. एकही ठसा वाकडा नव्हता. भोयरनं फटीतून दोन बोटं आत घातली, तर तो पुढे झाला आणि चोखायला लागला.

आणि नेमका तेव्हा भोयरच्या खिशातला फोन वाजला. हमरस्त्यावर रेंज होती.

भोयरनं फोन माझ्याकडे दिला. पडद्यावर बाचं नाव होतं, खाली व्हिडिओची खूण. “उचलू नको,” मी म्हणालो. “नंतर सांगू काहीतरी.”

तो फोन वाजून बंद पडला. लगेच पुन्हा वाजायला लागला.

“उचल,” भोयर म्हणाला. “तो तोरणाखाली जाईन का घरी बसन, ते याच्यावर हाय. उचल.”

मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. तिकडे बहिणीनं धरला असावा, कारण म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला पूर्ण दिसत होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, कपाळाला गंध. पहाटेच तयार होऊन बसला होता.

“अरे, रगत कायचं अंगावर?” त्यानं आधी तेच विचारलं.

“गाय येली, बा. कालवड झाली.”

“बेस झालं. लक्षुमी आली. आन आपला बैल?”

भोयरनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी फोन फटीपाशी नेला. म्हाताऱ्यानं चष्मा वर-खाली केला आणि पडद्याच्या अगदी जवळ आला.

“गोजिरवाना हाय रे,” तो म्हणाला. “बाशिंग बी बांधलं. ठसे... ठसे तर माह्यावानीच मारले तुनं.” मग त्याचा आवाज बदलला. “हा गाडीत काहून हाय, मोरेश्वर?”

भोयरनं बोटं फटीतून काढली नाहीत. “देला, बा.”

“पोयाच्या दिवशी?”

“चांगल्या घरी देला. मोठं वावर हाय त्यायचं. सुखात राहीन.”

म्हातारा मागे सरला आणि पुन्हा हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

“आपल्या जोडीच्या टायमाले,” तो अखेर म्हणाला, “मीबी तुले हेच सांगतलं होतं.”

भोयरनं झटकन फोनकडे पाहिलं. बापानं नजर चुकवली नाही.

“पाया पड त्याच्या,” म्हातारा म्हणाला. “मी नव्हतो पडलो. पाठ करून उभा होतो.”

भोयर रस्त्यावर गुडघे टेकून बसला. खालच्या फळीखालून हात घालून त्यानं गोऱ्ह्याच्या चिखलानं भरलेल्या खुरांना हात लावला आणि कपाळ फळीला टेकवलं. मी फोन तसाच धरून ठेवला. तिकडे म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. भोयर बराच वेळ उठला नाही. गाडीवाली बाई किल्ली हातात घेऊन रस्त्याच्या कडेला थांबून राहिली, आणि तो उठेपर्यंत तिनं गाडी चालू केली नाही.